मना नको कापू

५ जानेवारी, सोमवार

नवी नोकरी लागली की मी नवी वही काढते आणि आठवड्याभरात टाकून देते, असं आईचं म्हणणं. बघू या वेळी.

मेट्रोतून मरोळला उतरून थोडं आत शिरलं की काचेच्या इमारती संपतात आणि एकदम गावठाण सुरू होतं. कौलारू घरं, गल्लीच्या तोंडाशी पांढरा क्रूस, त्याला झेंडूची माळ, आणि रस्ता आपल्याच बापाचा असल्यासारख्या फिरणाऱ्या कोंबड्या. त्यातल्या एका घराच्या माडीवर लुईस अंकलचा स्टुडिओ. खाली ते आणि आयडा आन्टी राहतात. अंकल लग्नं आणि बाप्तिस्मे शूट करतात, कापायचं आणि जोडायचं काम आता माझं. नाहूरची संघमित्रा एडिटर झाली. झकास.

पहिल्या दिवशी एका बाप्तिस्म्याचं काम दिलं. मी सगळे तुकडे टाइमलाइनवर, म्हणजे स्क्रीनवरच्या लांब पट्टीवर, ओळीने लावले आणि जागोजागी मार्कर ठेवले. इथे बाळ रडतं, इथे केक, इथे मामा नाचतो. अशा रंगीत खुणा असल्या की तासन्‌तासांच्या फुटेजमध्ये माणूस हरवत नाही. अंकल खूश झाले. आन्टींनी जेवायला खाली बोलावलं आणि माझा डबा तसाच परत गेला. आई रागावली, पण खोटं खोटं.

७ जानेवारी, बुधवार

आज अंकलनी एक हार्ड डिस्क टेबलावर ठेवली, तिच्यावरून हात फिरवला आणि खाली गेले. काय ते जेवताना आन्टींनी सांगितलं.

त्यांची एकुलती एक मुलगी ॲन्ड्रिया. गेल्या जानेवारीत तिचं लग्न झालं, फेब्रुवारीत डेंग्यूने गेली. लग्नाची फिल्म झालीच नाही. तिचा चुलतभाऊ गॅविन इथेच एडिटर होता, त्याने डिस्क उघडली आणि बंद केली, मग तो दुबईला गेला. पुढच्या महिन्यात वर्षाचा मिस्सा आहे, म्हणजे चर्चमध्ये तिच्यासाठी प्रार्थना. त्यानंतर सगळ्या गावठाणाला फिल्म दाखवायची, असं अंकलच्या मनात आहे. आन्टी म्हणाल्या की कपडे सासरी गेले, दागिने सासरी गेले, पोरीचा आवाज तेवढा या डिस्कमध्ये राहिला. बोलताना त्या नुसता भात कालवत होत्या. ती गेल्यापासून त्यांनी मासळी खाल्लेली नाही.

माझी आई अजून बाबांचे शर्ट इस्त्री करून ठेवते. मला वाईट वाटलं, आणि हे काम मीच चांगलं करीन असंही वाटलं.

१० जानेवारी, शनिवार

मला ॲन्ड्रिया आवडायला लागली आहे. पुढच्या दोन दातांत फट, म्हणून हसताना तोंडावर हात. पण हसू आवरत नाही, ते बोटांतून बाहेर येतं.

या लोकांत लग्नाच्या आधी उंबराचं पाणी असतं. बायका बँड लावून, नाचत विहिरीवर जातात आणि नवरीच्या आंघोळीचं पाणी आणतात. ॲन्ड्रिया लुगडं खोचून सगळ्यांच्या पुढे नाचते आहे. आणि तिथेच पट्टीवर एक लाल मार्कर. मी ठेवलेला नाही. इंग्रजी अक्षरांत लिहिलंय, मना नको कापू.

गॅविनचं काम. हिंदीत मना म्हणजे मनाई, आणि वर पुन्हा नको. एकच गोष्ट दोनदा सांगायची हौस. पण मिरवणूक पाऊण तासाची आहे, बघणारे झोपतील. एडिटरला दयामाया परवडत नाही. मी छाटून तीन मिनिटांत बसवली, ॲन्ड्रियाचा नाच त्यात गेला.

१३ जानेवारी, मंगळवार

आन्टींना म्हटलं, उंबराच्या पाण्यात ॲन्ड्रिया काय सुंदर नाचली आहे. त्या म्हणाल्या, तिला तर त्या दिवशी ताप होता, ती घरात निजून होती, बायका तशाच गेल्या.

जिन्यात त्या मिरवणुकीचा फोटो लावलेला आहे. त्यात बायका आहेत, घडे आहेत, आणि मधोमध एका माणसाची जागा रिकामी. पहिल्या दिवशी तिथे कोण होतं ते मला पक्कं आठवतं.

आज आन्टींनी बोंबील तळले आणि स्वतःही खाल्ले.

माडीवर येऊन गॅविनला फोन लावला. तो म्हणाला की त्याने एकही मार्कर ठेवलेला नाही, त्याला पहिल्या शॉटच्या पुढे बघवलंच नव्हतं. फोन ठेवून स्क्रीनकडे वळले तर चर्चच्या पायऱ्यांवर नवा लाल मार्कर. तेच शब्द. मार्करच्या जागी ॲन्ड्रिया नवऱ्याकडे बघत नाही. ती कॅमेऱ्याकडे बघते आहे. मला शपथ घालून विचारलं तरी सांगेन, काल ती नवऱ्याकडे बघत होती.

१५ जानेवारी, गुरुवार

कागदावर ते शब्द लिहून आन्टींना दाखवले. त्या हसल्या.

“मना म्हंजे मला गो. आमच्यात तसंच बोलतात.”

मला नको कापू.

मी धावत वर गेले. कापलेलं परत घ्यायला मूळ फाइल उघडली. मूळ फाइलमध्येही मिरवणूक आता तीनच मिनिटांची आहे. बॅकअपमध्येही. मी जे फेकलं ते कुठेच उरलेलं नाही. तिच्या आईच्या डोक्यातसुद्धा.

१७ जानेवारी, शनिवार

दोन दिवस एकही कट मारला नाही. खाली वातावरण बदललं आहे. अंकल शीळ घालतात. आन्टींनी पडदे बदलले. वर्षभराने हे घर श्वास घेतंय, आणि तो मी त्यांच्या पोरीतून कापून दिला आहे. हे सांगून कोणाला पटेल? आणि सांगून त्यांना पुन्हा रडवू का? घरी गेले तर आई बाबांच्या शर्टाची कॉलर दाबत बसली होती. तिला विचारलं, हे सगळं विसरता आलं तर विसरशील का. आई म्हणाली, वेडी का खुळी, मग माझ्याकडे राहील काय.

म्हणून ठरवलं. आता ॲन्ड्रियाचा एक क्षणही जाऊ द्यायचा नाही. ती जिथे जिथे दिसते तिथे हिरवे मार्कर ठेवले, भराभर. अंकल म्हणाले की उद्या रविवारी मीच बसतो, उरलेलं छाटून टाकतो. मी बजावलं, हिरव्याला हात लावू नका.

१९ जानेवारी, सोमवार

वाट लागली.

मार्कर ठेवण्याआधी त्या तुकड्यावर क्लिक करायचं असतं. मग खूण त्याला चिकटते, त्याच्याबरोबर सरकते. क्लिक केलं नाही तर ती नुसती पट्टीवर बसते. शिकाऊ पोरंही ही चूक दुसऱ्यांदा करत नाहीत. मी घाईत क्लिक केलंच नव्हतं. अंकलनी सुरुवातीची रिकामी जागा काढली, सगळी फिल्म मागे सरकली, आणि माझे हिरवे मार्कर जिथल्या तिथे राहिले. बँडवाल्यावर. तळलेल्या फुग्यांच्या परातीवर. कोणाच्या तरी कोपरावर. अंकलनी हिरवं तेवढं ठेवलं. माझा शब्द पाळला. बाकी सगळं उडवलं.

मी विचारलं, ॲन्ड्रिया कुठे आहे. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

“आम्हाला मूल नाही, पोरी. झालंच नाही.”

जिन्यातल्या भिंतीवर खिळा आहे. फोटो नाही.

२० जानेवारी

गॅविनला फोन. कोण ॲन्ड्रिया, म्हणाला.

एक तुकडा उरलाय. दोन मार्करच्या फटीत अडकून राहिलेला. लुगड्यातली ती, दारात उभी, कॅमेऱ्याकडे बघते, ओठ हलतात — मम्मी म्हणते.

मोबाइलवर घेऊन खाली गेले. आन्टींना दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत पाहिला. गोड पोर आहे म्हणाल्या, नाव विचारलं. सांगितलं. म्हणाल्या, छान नाव, मुलगी झाली असती तर हेच ठेवलं असतं.

मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्यांना कळेना कशाचं. पदराने पुसतात, पुन्हा येतं. मी पुन्हा दाखवायला गेले तर माझा हात घट्ट धरला.

“बंद कर गो. मना नको.”

वर आले तर तो तुकडा — पट्टीवर नाही. मोबाइलवर नाही. मी काहीच दाबलं नव्हतं. तिच्या आईने नको म्हटलं, एवढंच.

२१ जानेवारी

आता फक्त मी. लिहून काढते, पटापट — लुगडं — रंग? हिरवा, नाही — हसताना तोंडावर हात, का ते मागच्या पानावर असेल — पान आहे, पण त्यात मधे मधे ओळी कोऱ्या आहेत —

आवाज आठवत नाही. कोणाला तरी हाक मारत होती.

बाई, मला माफ कर, मी तुला सोडणार नाही, निदान नाव तरी इथे मोठ्या अक्षरात — तुझं नाव —

ॲन्