पुतळ्याने घातलेली बंडी

प्रिय चिमणे,

सगळ्यांत आधी कोण आलं असेल, सांग बघू? समोरचे मास्तर! एरवी गुडघ्यांच्या नावाने बोंब, पण परवा तीन जिने एका दमात चढले आणि दार बडवत ओरडले, “वहिनी, आहात का गेलात?” मी म्हटलं, “गेले असते तर कडी कोण काढणार?” त्यांच्या मागून दवाखान्यातले दोघं स्ट्रेचर घेऊन. आणि त्यांनाही ढकलत तुझा बाप, एका पायात बूट, दुसऱ्यात तुझ्या आईची चप्पल! ती बिचारी मागून अनवाणी.

झालं असं, की तू पहिल्या पगारातून पाठवलेली ती हुशार बंडी काखेत काचत होती. चाळीस वर्षं लोकांच्या काखा सैल करून दिल्या, मग स्वतःची का काचू द्यायची? म्हणून ती शिलाईच्या पुतळ्याला चढवली, टाचण्या लावल्या आणि पुतळा पडला धाडकन. बंडीने लगेच तुझ्या बापाच्या फोनवर कळवलं, आई पडली, छातीचा ठोका लागत नाही. त्याने मास्तरांना नि दवाखान्याला फोन लावले. अगं, पुतळ्याच्या छातीत भुसा, ठोका कुठून लागणार? स्ट्रेचरवाला खाली वाकून म्हणतो, “पेशंट हाच का?”

तशी बंडी गुणी आहे हो. पण तिला काय कळतं ते मला विचार. मशीनवर बसून दिवसभर पाय मारले, तर तिने नऊ हजार पावलं मोजली. तू कळवलंस, शाब्बास आजी! मी खुर्चीतून उठलेसुद्धा नव्हते. पण आलेली शाब्बासकी परत कोण करतं?

मग सगळ्यांना चहा केला. स्ट्रेचरवाल्यांनीसुद्धा उभ्याउभ्या घेतला. टाचण्या घरभर सांडल्या होत्या, तर तुझा बाप लोहचुंबक घेऊन फरशीवर बसला, लहानपणी बसायचा तसा. टाचणी चिकटली की मला दाखवायचा. एवढा टक्कल पडलेला माणूस! दोन तास हलला नाही. बंडी यायच्या आधी तो दर रविवारी यायचा गं. मग बंद झाला. विचारलं की म्हणायचा, “आई, रोज फोनवर बघतो की तुला, सगळं हिरवं आहे.” हिरवं म्हणजे ठीक म्हणे. पाच महिने मी नुसती हिरवी होते.

आता तू कळवलंस, की बंडीत बिघाड असेल, कंपनीकडे तक्रार करते. तेवढं करू नकोस, म्हणून तर हे पत्र. बंडीचा काही दोष नाही. आपला पुतळा लोखंडी तीन पायांचा, चाळीस वर्षांत जागचा हलला नाही. मीच ढकलला, दोन्ही हातांनी. बापाला सांगू नकोस. त्याच्या पायातली ती चप्पल बघितली, परत असं करणार नाही. काख सैल केली आहे, बंडी रोज घालीन. पण आठवड्यातला एक दिवस खुंटीला टांगणार. जाताना तुझे आईबाप सांगून गेलेत, रविवारी अकरापर्यंत येतो.

तुझीच, हिरवी
आजी