धाकटी रायफल

कुरुळी, ७ सप्टेंबर १९६९

चि. ज्योतीराम यास कोंडाजीदादाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या कारखान्यातून आणलेली पेटी घरी येऊन उघडली आणि कपाळाला हात लावला. आबांच्या जुन्या एकबारी रायफलीची काडतुसं मिळत नाहीत, म्हणून तशीच धाकटी, बावीस बोअरची करून दे म्हणालो होतो. तू खांद्याला टेकवायचा दस्तासुद्धा धाकटा केलास! तो माझ्या काखेतच शिरतो, नेम धरला की अंगठा नाकावर येतो. सात बार काढले, सातही मातीत.

गेल्या साली घुशींनी निम्मा भुईमूग खाल्ला. यंदाही तेच झालं तर बियाण्यालाही शेंग उरायची नाही. तू एवढा कारागीर, तुला भावाचा खांदा माहीत नाही?

तुझा, रागातही आशीर्वाद देणारा,
कोंडाजी

कासारवाडी, १२ सप्टेंबर १९६९

ती. दादांस ज्योतीरामचा शि. सा. न. वि. वि.

चूक माझीच. आम्हा कारागिरांना खोडच असते, नमुना हातात आला की सगळं एका प्रमाणात उतरवायचं. दहाला सहा केलं, माणूस मोजायचा राहिला. फोरमन जयसिंगराव म्हणाले की रायफल झकास झाली, आता भाऊही दहाला सहा करून आण. पण खांद्याला लावून बघा असं मी सांगत होतो, तेव्हा तुम्हाला पाचची एसटी गाठायची होती.

दस्त्याचं वाळलेलं लाकूड दिवाळीशिवाय येत नाही. तोवर दम धरा. वहिनींना नमस्कार.

आपल्या रागालाही पात्र,
ज्योतीराम

कुरुळी, २० सप्टेंबर १९६९

चि. ज्योतीरामास आशीर्वाद.

मी दम धरीन, घुशी कशा धरतील? बांधाकडच्या चार ओळी गेल्या. परवा वैतागून रायफल बांधावर ठेवली, तर तुझ्या वहिनीने उचलली. तानाबाईच्या खांद्याला दस्ता असा बसला, जणू तू तिचंच माप घेतलं होतंस. मी अडवणार तोच बार निघाला. घूस आडवी झालेली पाहून पुढची दोन काडतुसं मीच दिली. तीन काडतुसं, तीन घुशी.

परवाना माझ्या नावाचा, म्हणून पुढे हात लावू दिला नाही. सोमवारी तिच्या नावाचा अर्ज द्यायला खेडला जातोय. कारकून हसेल, हसू दे. शेंगा तरी राहतील.

खरं सांगतो, मनाला लागलं. आबांनी मला अकरा वर्षं नेम शिकवला, हिला कोणी शिकवला म्हणून विचारलं. म्हणाली, मामंजी अंगणात तुम्हाला रोज तेच तेच समजावत होते, मी चुलीपुढून ऐकत होते.

नव्या दस्त्याचं लाकूड आणू नकोस. लोभ आहे तसाच राहू दे, आणि रायफलही.

कोंडाजी