टेकडीवरच्या पंपघरातून

दि. ९ फेब्रुवारी, सकाळी अकरा

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

आम्ही उभयता बरे आहोत. आईचा गुडघा पूर्वीइतकाच कुरकुरतो, ती त्याहून जास्त. दुकानात पंपाच्या मोटारी दुरुस्तीला येतात, गिऱ्हाइकं डोकं खाऊन जातात.

टाकीतलं पाणी मोजून मोबाइलवर कळवायला तू बनवलेला तो पत्त्यांच्या जोडाएवढा लिनक्सचा कॉम्प्युटर काल ड्रॉवरमधून काढला. आई म्हणाली, "आता काय त्याचं?" म्हटलं, "धूळ झटकतोय." तुझी वही उघडून एकेक कमांड एका बोटाने टाइप केली. त्याला जोडलेला सिमकार्डाचा मोडेम आधी पेनड्राइव्हचं सोंग घेऊन बसला. तुझ्या चौथ्या ओळीने त्याला वठणीवर आणलं. सिमकार्ड ओळखलं, टॉवर सापडला आणि जोडणार तोच सगळं बंद. पुन्हा चालू, पुन्हा बंद. अगदी त्या दिवसासारखं.

शेजारी रेडिओ चालू होता. मोडेम टॉवरला हाक मारू लागला की रेडिओत टर्र टर्र व्हायची आणि त्याच क्षणी कॉम्प्युटरचा लाल दिवा मान टाकायचा. अगं, तीस वर्षं मोटारींचं कण्हणं ऐकलंय मी! त्याला वीज पुरत नव्हती. बाकी तुझं काम चोख.

जाड वायरीचा नवा चार्जर घेतला आणि आज पंपघरात बसवला. टर्र झाली, दिवा ठाम! मोबाइलवर आकडा आला: टाकीत पाणी दोन मीटर दहा. वॉचमनने काठी बुडवून पाहिली, बोटभर फरक नाही. म्हणाला, "काका, नाचताय काय?"

नाचलो खरा.

तीन वर्षांपूर्वी इथेच पाणीपुरवठ्याच्या साहेबांसमोर हा कॉम्प्युटर बंद पडला, तेव्हा मी हसून म्हणालो होतो, "पोरीचं खेळणं आहे साहेब, मनावर घेऊ नका." तू आठवड्यात घर सोडलंस. त्या दिवशी तू नवा चार्जर आणायला निघाली होतीस. "दुकानात ढीग पडलाय," म्हणत जुना मीच तुझ्या हातात कोंबला. काल आधी तोच लावला होता.

मघाशी साहेबांना फोन केला. "यंत्र लेकीचं, चूक माझी," असं सांगितलं, वॉचमनच्या देखत. ते म्हणाले, "मग अजून सहा टाक्या आहेत." म्हटलं, "तिला विचारून सांगतो."

हे पत्र त्याच मोडेममधून पाठवतोय. तुला मिळालं, म्हणजे तुझं यंत्र चालतं. उत्तर याच वाटेने धाड. रेडिओ शेजारीच ठेवलाय.

तिखट कानांचा, पण उशिरा ऐकणारा,
तुझा बाबा