आखाजीचं आखाजीला

८ एप्रिल, बुधवार. जळगाव

पाणपोईचं उद्घाटन आटोपलं. स्टँडकडच्या रस्त्यावर, भर उन्हात. बॅनर दोन माणसं उंच, खाली रांजण गुडघ्याएवढा. बॅनरवर अण्णासाहेब हात जोडून उभे, प्रत्यक्षातही हात जोडून उभे. आमच्या मिलमालकाचं हे वैशिष्ट्य. फोटोत आणि खरे सारखेच दिसतात, दोन्ही ठिकाणी बोलत नाहीत, हसतात. (रोजनिशीत ह्यापुढे अ.सा.)

प्रेसनोटमध्ये मी 'तृषार्तांसाठी' लिहिलं होतं. केबिनमध्ये बोलावलं.

"तृषार्त म्हणजे कोण हो मॅडम?"

"तहानलेला."

"मग तहानलेला लिहा ना. तहानलेला काय डिक्शनरी घेऊन येणार आहे का पाणी प्यायला?"

बरोबर होतं. संस्कृतात एम. ए. केलं, धुळ्याला वार्ताहर म्हणून उन्हं झेलली, पेपरने जिल्ह्याचं पान बंद केल्यावर ह्या डाळ मिलची जनसंपर्क अधिकारी झाले. आता तृषार्ताचा तहानलेला करते. प्रगती आहे.

संध्याकाळी मंगलचा फोन. मंगल आमच्याच मिलमध्ये डाळ निवडायला बसते. आमच्या दोघींचं माहेर धुळ्यातली एकच गल्ली, म्हणून मी तिची अक्का.

"अक्का, औंदा तिखट लिख व. गये साल आपण हारनूत."

आखाजी, आमच्याकडची अक्षय्य तृतीया, आली म्हणजे. सणाची गाणी मी लिहिते, मंगल म्हणते.

११ एप्रिल, शनिवार

पाणपोईवरून गेले. रांजण कोरडा. आत पाला पडलेला. बॅनर मात्र कडक, इस्त्री केल्यासारखं. एक म्हातारा पेला रांजणात घालून आवाज ऐकत उभा होता.

चौधरींना तिथूनच फोन लावला. (चौधरी म्हणजे आमचे मॅनेजर. सगळ्याचे मॅनेजर.) म्हणाले, "मॅडम, बॅनर तुमच्याकडे, पाणी माझ्याकडे. मी बघतो ना." मागे गाडीचा आवाज, कोणीतरी खोकलं.

घरी येऊन दोन ओळी आपोआप झाल्या. अहिराणीत. शुद्ध मराठीत मला राग येत नाही, फक्त निवेदन येतं.

१५ एप्रिल, बुधवार

पाणी अजून नाही. 'बघतो' ह्या क्रियापदाला चौधरींच्या तोंडी भविष्यकाळ नाही.

गाणं पुरं झालं. मंगलला फोनवर म्हणून दाखवलं. ती इतकी हसली की तिच्या सासूने विचारलं काय झालं.

नंतर जरा चरकले. आखाजीला नाल्याच्या अलीकडे आमची गल्ली, पलीकडे त्यांची आळी. दोन्हीकडच्या माहेरवाशिणी समोरासमोर उभ्या राहून गाण्यांतून एकमेकींच्या सासरची, नवऱ्यांची सालं काढतात. ज्यांना उत्तर सुचत नाही त्या हरल्या. नियम दोनच. नाव घ्यायचं नाही, आणि आखाजीचं आखाजीला. नाला सोडला की राग संपला. आमच्या आयांनी एकमेकींना जे ऐकवलंय ते ऐकून पोलीस ठाणं उघडावं लागलं असतं, पण दुसऱ्या दिवशी त्याच एकमेकींकडे विरजण मागायला जायच्या.

तर पलीकडची आळी हे अ.सा.च्या बायकोचं माहेर. आम्ही सगळे त्यांना वहिनीसाहेब म्हणतो. पण त्या कितीतरी वर्षांत आखाजीला आलेल्या नाहीत. बंगल्यातल्या बाया नाल्यावर कशाला येतील, असा हिशेब.

हिशेब माझा कच्चाच. म्हणून तर भाषा घेतली.

१९ एप्रिल, रविवार. धुळे. आखाजी

सकाळी घागर भरली, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, गेलेल्या वडिलांच्या, आबांच्या नावाने पान वाढलं. मांडे, आमरस. दुपारी पुरुष पत्त्यांना बसले, बायका झोक्यावर. मी झोका घेतला तर भाची म्हणते, "आत्या, फांदीला विचारलं का?"

संध्याकाळी नाल्यावर. पलीकडच्या घोळक्यात मधोमध वहिनीसाहेब. डोक्यावर पदर, साधी साडी, टाळ्या वाजवत.

मी मंगलचा पदर ओढला. "ते राहू दे. दुसरं म्हण." तिने ऐकलं नाही की ऐकायचं नव्हतं, कोण जाणे. तिचा आवाज एकदा सुटला की पारोळ्याला ऐकू जावा.

तुना दादला व माय, मोठा दानी शे
फोटोमा हासस, रांजणमा कोठे पानी शे?

अलीकडे हशा. पुढची ओळ सगळ्यांनी उचलली.

कावळानी टाक्यात खडा, भरी गया घडा
पानी नही ऊनं वर, कावळा बोंबलस बापडा!

पलीकडे सगळ्या बायांची तोंडं वहिनीसाहेबांकडे. उत्तर त्यांनीच द्यायचं, दादला त्यांचा. त्यांनी तोंड उघडलं. काही आलं नाही. पुन्हा उघडलं. नाहीच.

मंगल टाळ्या पिटत, "त्या हारन्यात व, हारन्यात!"

वहिनीसाहेब हसल्या की नाही ते दिसलं नाही. उजेड कमी होता, आणि मी पाहायला फार उत्सुकही नव्हते.

पलीकडून कोणीतरी मोबाइल उंच धरला होता. आमच्या आयांच्या नियमांत मोबाइल नव्हता.

२१ एप्रिल, मंगळवार. जळगाव

सकाळी चौधरींनी फोन माझ्यासमोर धरला. मंगलचा चेहरा स्पष्ट. खाली कोणीतरी लिहिलंय, 'ओळखा हा दानी कोण'. ओळखणाऱ्यांची रांग लागलीय.

"ही आपल्या निवड विभागातली ना मॅडम?"

मी चष्मा पुसला. तेवढाच वेळ मिळाला.

अ.सा.च्या केबिनमध्ये. आज हसत नव्हते, त्यामुळे क्षणभर दुसराच माणूस वाटला. सांगितलं ते असं. कंपनीच्या बदनामीचा डाव आहे असा खुलासा सोमवारी सर्व पेपरांना. मंगलला सोमवारपासून गेटच्या आत घ्यायचं नाही. आणि मग माझ्याकडे वळून,

"गाणं तिचं नाही. डाळ निवडणारीला कावळा, घडा हे नाही सुचायचं. कोणीतरी शिकलेलं आहे मागे. तुम्ही पत्रकार होतात ना? शोधून काढा."

"हो," म्हणाले.

'हो' का म्हणाले? सवय. ह्या केबिनमध्ये माझं तोंड एवढंच उघडतं.

अलंकारशास्त्रात व्याजस्तुती आहे. वरून स्तुती, आतून निंदा. पगार स्तुतीचा, सणाला व्याजस्तुती, असं आजवर निभावलं. आता लेखिकेनेच लेखिकेचा तपास करायचा. आरोपी सापडायला अडचण नाही, रोज आरशात...

२२ एप्रिल, बुधवार

जेवणाच्या सुट्टीत मंगलला गेटबाहेरच्या लिंबाखाली गाठलं. तिला कळलंच होतं.

"तुनं नाव मी कोनलेबी सांगस नही, अक्का."

"मी ते विचारायला आले नव्हते."

"मंग काय इचाराले उनी?"

तिने डब्यातली कळण्याची भाकरी मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली. वर ठेचा. मग स्वतःशीच, "आखाजीनं आखाजीले. शेठले कोनी सांगं नही का व?"

शेठना कोण सांगणार. नाल्यावर पुरुष येत नाहीत. त्यांच्या लेखी हा सण पत्त्यांचा.

मंगलच्या घरी एकटी तीच कमावते. ती हे बोलली नाही. मला माहीत आहे.

दुपारभर खुलासा लिहायला बसले. 'पाणपोईतील रांजण नियमित भरला जातो.' वाक्य सुरेख झालं. खोटं वाक्य लिहिताना माझं व्याकरण कधी चुकत नाही. म्हटलं, निदान एकदा डोळ्यांनी पाहून येऊ, म्हणजे फाडायला धीर येईल.

गेले. रांजण काठोकाठ. वर ओलं फडकं, साखळीला नवा पेला, शेजारी दुसरा रांजण, बसायला बाक. चौधरी स्वतः उभे राहून टँकर रिकामा करून घेत होते. मला पाहून म्हणाले, "बघितलं ना मॅडम, म्हटलं होतं बघतो."

म्हणजे खुलासा आता खरा झाला. मंगलच्या गाण्याने रांजण भरला आणि भरलेल्या रांजणाने मंगल खोटी ठरणार. ह्यावर काय लिहावं? मी दोन पेले पाणी प्यायले. थंड होतं, तेही खरंच.

२४ एप्रिल, शुक्रवार

बंगल्यावरून बोलावणं. वहिनीसाहेबांनी आमरस पुढे केला. वाटीत जायफळ जास्त पडलं होतं.

"ताई, त्या दिवशी चौधरींना पाणपोईवरून फोन केला होतात ना? मी गाडीतच होते. स्पीकर चालू होता."

खोकणारं कोण ते आता कळलं.

"म्हणजे तुम्हाला..."

"नाल्यावरच कळलं. कोरड्या रांजणाच्या ओळीला. मला राग त्याचा नाही हो. इतक्या वर्षांनी माहेरी आखाजीला गेले, साऱ्या माझ्या तोंडाकडे बघताहेत, आणि माझी जीभच हलेना! लहानपणी त्याच नाल्यावर मी सगळ्यांना गप्प करायची. बंगल्यात राहून राहून नुसतं 'या, बसा, काय घेणार' एवढंच उरलंय."

मी म्हणाले, माझंही तेच झालंय, फक्त 'काय घेणार' नाही. त्या हसल्या. मग एकदम गंभीर.

"ते गाणं मला होतं, यांना नाही. रागवायचा हक्क माझा. हे मी यांना सांगून पाहिलं."

"मग?"

"म्हणाले, बायकांच्या खेळात कंपनीचं नाव कशाला?"

"नाव घेतलं नव्हतं."

"घ्यावं लागलं नाही, ताई." वाटी उचलत, "मी सांगू का त्यांना, कोणी लिहिलं ते?"

"नको. मी सांगते."

"सांगाल?"

त्या प्रश्नात अविश्वास नव्हता, म्हणून जास्त लागला. निघताना दारात म्हणाल्या, "आणि मला उत्तर लिहून द्या. पुढच्या आखाजीला मीच म्हणणार. हरून मरायचं नाही मला."

२६ एप्रिल, रविवार

ह्यांना सांगितलं. भुसावळहून ड्यूटी करून आले होते, बूटसुद्धा काढले नव्हते. सगळं ऐकून घेतलं.

"शेठवर गाणं केलंस? माझ्यावर आजवर एक ओळ नाही."

"तुम्हाला शिव्या द्यायचा हक्क पलीकडच्या आळीला आहे. मला नाही."

"मग त्यांनी तरी काय दिल्या?"

"घोरण्यावर. गेल्या वर्षी. आम्ही हरलो होतो."

बराच वेळ हसले. मग बूट काढता काढता, न बघता, "सोमवारी गेलीच नोकरी तर?"

पन्नाशीनंतर जनसंपर्क कोणाशी करायचा? धुळ्याच्या जुन्या संपादकांना फोन लावून पाहावा असं मनात आलं. आठवलं की तेही आता एका कॉलेजच्या प्रेसनोट लिहितात.

खुलासा पिशवीत आहे. निर्दोष आहे. म्हणूनच...

२७ एप्रिल, सोमवार

गेटवर वॉचमनने मंगलला अडवलं. "वरून सांगितलंय, ताई." मी म्हणाले, माझ्याबरोबर आहे. वॉचमनला दोन्ही हुकूम पाळता येईनात, त्याने रजिस्टरात तोंड घातलं.

केबिन. मंगल माझ्या मागे, चौधरी उभे. अ.सा. म्हणाले, "खुलासा आणलात?"

"आणलाय. लेखकही सापडला."

"कोण?"

"मी."

मी पुढे सांगितलं. नाला, नियम, कोरडा रांजण, चौधरींना केलेला फोन. चौधरी खिडकीबाहेर काहीतरी अत्यंत महत्त्वाचं बघत होते. मला वाटलं होतं आवाज कापेल. कापला नाही, पण वाक्यं सगळी बातमीसारखी झाली, कोणी, कुठे, कधी.

मंगलला राहवेना. "शेठ, लिखं इनी, पन म्हनं मी. आवाज मना शे. दोन्हीसले ठेवा, नहीतर दोन्हीसले काढा."

मी तिच्याकडे पाहिलं. हे आमचं ठरलं नव्हतं.

अ.सा.नी एकच विचारलं, "ती... तुमची वहिनीसाहेब तिथेच होती ना तेव्हा?"

"होत्या."

"काय म्हणाली ती उत्तरात?"

"काही नाही. हरल्या."

त्यांच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला वाचता आलं नाही, आणि मी चेहरे वाचायचा पगार घेते. "बाहेर बसा," म्हणाले.

बसलो. थोड्या वेळाने ते बाहेर आले, आमच्याकडे न पाहता गाडीत बसून निघून गेले. चौधरी मागे धावत आले, "मला काहीच सांगितलं नाही हो! खुलासा पाठवू की नको?"

"मला विचारू नका. मी आरोपी."

मंगल म्हणाली, "मी निवडाले जाऊ का?" चौधरींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, जा. ती गेली. कोणी अडवलं नाही. कोणी बोलावलंही नव्हतं.

२८ एप्रिल, मंगळवार

मंगल आजही निवडायला बसली आहे. माझा संगणक उघडतोय, म्हणजे अजून कोणीतरी आहे मी. खुलासा कुठल्याही पेपरात नाही. अ.सा. दिवसभर फिरकले नाहीत. संध्याकाळी निरोप आला की उद्या दुपारी दोघींनी केबिनमध्ये यायचं. 'दोघींनी' ह्यावर चौधरी, मंगल आणि मी, तिघांनी आपापला अर्थ लावला. तिन्ही वेगळे.

घरी येताना पाणपोईवरून आले. रांजण भरलेले. बॅनर नाही. नुसत्या दोन बल्ल्या उभ्या. उतरवलं की नवं लावणार, कोणाला विचारावं? बाकावर तोच म्हातारा. ह्या वेळी पेला भरून प्याला, उरलेलं पाणी डोक्यावर ओतलं. बल्ल्यांकडे त्याचं लक्षही नव्हतं.

वहिनीसाहेबांचा फोन. उद्याबद्दल अवाक्षर नाही. "उत्तर झालं का?"

पलीकडच्या आळीसाठी लिहायचं म्हणजे सालं आपल्याच गल्लीची काढायची. आणि आमच्या गल्लीत काढण्याजोगी एकच बाई आहे, शेठचं पाणी पिणारी मी. पहिली ओळ लगेच आली, इतकी लगेच की जरा वाईट वाटलं.

तुमनी अक्का शे व शानी, शेठना रांजणनं पेस पानी

मंगलला म्हणून दाखवली. म्हणाली, "झ्याक शे. मंग दुसरी?"

दुसरी उद्या, केबिनमधून बाहेर आल्यावर.