साहेबांची दावत आणि दैवशालेची ट्रंक

॥ श्री नरसिंह प्रसन्न ॥
हैदराबाद, ३ एप्रिल १९५५

चि. सौ. दैवशाला हिस अनेक आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम. खोली मिळाली, पाण्याचा नळ दारातच आहे.

परवा आमच्या साहेबांनी निवृत्तीची दावत एका मोठ्या हॉटेलात दिली. पांढरी चादर घातलेलं टेबल, तीन तीन काचेचे पेले. माशासोबत द्राक्षाची पिवळसर दारू आली, गार आणि आंबट. तिला वाइन म्हणतात. मटणासोबत लाल आली, जांभळासारखी तुरट. घासागणिक चव बदलत होती. मी प्यालो, दैवशाला. आणि खोटं कशाला लिहू, आवडली.

आपल्याकडं पानात काही टाकत नाहीत, म्हणून मी पेला रिकामा करायचो, की वेटर पुन्हा भरायचा! शेवटी पंगतीत धरतो तसा पेल्यावर आडवा हात धरला, तेव्हा सुटका झाली. साहेब पोट धरून हसले.

लग्नानंतर पोखर्णीला देवासमोर दारूला शिवणार नाही असा तुला शब्द दिला होता, तो मोडला. आबांच्या पिण्यापायी तुझ्या माहेरी तुम्ही काय भोगलंत ते मला ठाऊक आहे. अक्षयतृतीयेआधी तू इकडे यायचं ठरलं आहे. आता यायचं की नाही, ते तूच ठरव. तुझ्या अक्षराची वाट पाहणारा,

व्यंकटराव


॥ श्री ॥
बोरी, ११ एप्रिल १९५५

ती. स्व. पतिराज यांच्या चरणी दैवशालेचा शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्र वाचलं आणि ट्रंक भरायची थांबवली. लय राग आला होता, अजून आहे. शब्द मोडता आणि वर चवीचं कौतुक लिहिता!

अर्धी भरलेली ट्रंक बघून आबांनी कारण विचारलं. दारू सोडून त्यांना तीन वर्षं झाली, तरी त्यांच्यासमोर हा विषय मी काढत नाही. तरी पत्र वाचून दाखवलं. माशाचा मजकूर त्यांनी दोनदा वाचायला लावला. मग म्हणाले, की दारूला चव असते हे आपल्याला कधी कळलंच नाही. जेवताना तर कधी घेतली न्हाई. त्या सगळ्या वर्षांत तुझी माय ताट झाकून बसायची, आणि आपण येऊन तसंच झोपायचो. आई चुलीपाशी ऐकत होती. ती पदरानं डोळे पुसून भाकरी थापायला लागली.

मला रडू आलं. आबांनी हे आईला वीस वर्षांत सांगितलं नव्हतं. तुम्ही मात्र दोन दिवसांत सगळं खरं लिहून कळवलंत.

ट्रंक भरली आहे. पुढच्या सोमवारी बन्सीधरदादा परभणीला गाडीत बसवून देणार आहे, काचीगुडा स्टेशनवर घ्यायला या. मात्र तुमचं ताट झाकून बसायची पाळी एकदा जरी आली, तर दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं मी माघारी येईन.

राग आहे तसाच लोभही आहे, तो वाढवणं तुमच्या हाती.

आपली,
दैवशाला