नोंदणी न केलेली प्रत

मी, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला तंत्रज्ञ, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने आणि स्वतःच टाइप करून ठेवत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो मुलीला दाखवला तेव्हा ती म्हणाली, "बाबा, अजून एका डॉक्टरांना विचारू या का?" तिचे हे मत नोंदवून पुढे जातो. आधीचा खर्डा रद्द समजावा. तो का रद्द करावा लागला, ते कलम चारमध्ये येईल.

१. राहते घर, त्यातील सामान व बँकेतील ठेवी मुलीला द्याव्यात. यांपैकी मागची खोली माझ्या पगारातून बांधलेली नाही. ती माझ्या 'लेबल' या प्रोग्रॅमने बांधली. बरण्या, कॅसेटी, वह्या यांना लावायच्या चिठ्ठ्या घरच्या संगणकावर छापून देणारा हा प्रोग्रॅम मी नोकरी सांभाळून लिहिला आणि शेअरवेअर म्हणून सोडला. म्हणजे आधी वापरा, फ्लॉपीवर उतरवून मित्रांनाही द्या, आवडला तर पैसे पाठवा. पैसे पाठवणाऱ्याला मी नोंदणी क्रमांक कळवत असे. तो टाकला की सुरुवातीला पडद्यावर येणारी पैशांची आठवण त्या प्रतीतून कायमची पुसली जाई. "लोकांच्या चांगुलपणावर कोणी धंदा करतं का?" असे मुलगी विचारते. मी तिला मागच्या खोलीचे छत दाखवतो.

२. हे श्रेय माझे नाही. मी लिहिलेली आठवण "कृपया नोंदणी करून सहकार्य करावे" अशी होती, आणि कोणीही सहकार्य केले नाही. माझी पत्नी शाळेत शिक्षिका होती. तिने ती ओळ वाचली आणि म्हणाली, "रजेचा अर्ज आहे का हा? सरका जरा." मग तिने खुर्चीत ठाण मांडून दर वेळी वेगळी निघेल अशी बोलणी लिहून काढली. "फुकट वापरताय ते दिसतंय मला." "आवडलं नसेल तर तसं कळवा, म्हणजे ह्यांना घरातलं दुसरं काम लावते." त्यानंतर पोस्टमन आमच्या दारात थांबू लागला. एका दंतवैद्यांनी मनीऑर्डरीवर लिहिले होते, "बाईंना सांगा, रागावू नका. विसरलो होतो." पुढे त्यांच्याशी स्नेह जुळला. माझी कवळी त्यांनीच केली आहे. ती कोणालाही देऊ नये.

३. माझे स्क्रूड्रायव्हर, टेस्टर व मीटर शेजारच्या रेडिओ दुरुस्तीवाल्यास द्यावेत. पक्कड त्याने मागेच उसनी नेली आहे, ती त्याने आता उजळ माथ्याने वापरावी. मूळ प्रोग्रॅमच्या फ्लॉप्या मात्र फेकून द्याव्यात. पत्नी गेल्यावर मी त्या बाहेर काढल्या होत्या, तिचे शब्द पुन्हा वाचायचे होते म्हणून. सगळ्यांना बुरशी लागली होती. माझ्या संगणकावरची प्रत नोंदणी केलेली. स्वतःच्याच प्रोग्रॅमची बोलणी कोण खाईल? मुलीने खूप खटपट केली, पण एक अक्षर निघाले नाही. त्या दिवशी मी फार रडलो. हे कलमात बसत नाही, तरी लिहितो.

४. माझा शालक, म्हणजे पत्नीचा धाकटा भाऊ, घड्याळे दुरुस्त करतो. घड्याळांना बांधायच्या चिठ्ठ्या तो पहिल्यापासून 'लेबल'वर छापत आला आहे. पैसे द्यायचे नाव नाही. "भाऊजी, घरच्या माणसाकडून घेणार का?" असे म्हणून वर चहाही माझ्याकडेच पीत असे. म्हणून "शालकास काहीही देऊ नये" असे कलम मी पहिल्या खर्ड्यात घातले होते. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका, असे वकीलबाईंनी बजावले होते. त्या हिशेबाने साक्षीदार म्हणून याच्याइतका लायक माणूस दुसरा नव्हता.

गेल्या आठवड्यात सही मागायला मी त्याच्या दुकानात गेलो. खिशात एक नोंदणी क्रमांकही नेला होता. तो फुकट देऊन एकदाचा टोमणा मारायचा बेत होता. तो क्रमांक काढून मी त्याच्या संगणकाच्या कीबोर्डकडे वळलो, तर त्याने त्यावर हातच ठेवला.

"नको भाऊजी. नंबर टाकला की ताई गप्प होईल."

मग त्याने प्रोग्रॅम सुरू केला. पडद्यावर आले, "अजून वापरताय? बरं वाटलं. पैशांचं काय?" मी स्टुलावर बसलो. त्याने तो बंद करून पुन्हा लावला. नवी बोलणी. पुन्हा लावला. एक गिऱ्हाईक आले, त्याला त्याने उद्या यायला सांगितले.

"रोज दुकान उघडलं की आधी ताईची बोलणी खातो, मग घड्याळं," तो म्हणाला. "तुम्हाला बोललो नाही. म्हटलं, तुम्ही पैसे मागाल."

५. सबब, 'लेबल'चे सर्व हक्क आणि सुट्या भागांसाठी माझा जुना संगणक शालकास द्यावा. त्याच्या दुकानातल्या प्रतीची नोंदणी कोणीही, कधीही करू नये. मुलीने तिची नक्कल काढून जपून ठेवावी, पण हुशारी करून मजकूर सुधारू नये. दुसऱ्या कोणाला क्रमांक हवा असल्यास आधी पैसे घ्यावेत. फुकट दिलेले माझ्या पत्नीला आवडणार नाही.

६. एक प्रत घरी आणून द्यायला मुलगी तयार आहे. तूर्त नको. सकाळी दुकानात जाऊन दोघांनी मिळून बोलणी खाण्यात जी मजा आहे, ती मला जमेल तितके दिवस घ्यायची आहे.

वरील सर्व मजकूर मी वाचून, समजून, चष्मा लावून खाली सही केली आहे.

स्थळ : मागची खोली
दिनांक : सहीखाली हाताने घातला आहे
सही : मृत्युपत्र करणारा

साक्षीदार
१. दंतवैद्य (सही)
२. ~~शालक~~ निवृत्त पोस्टमन (सही)

खोडलेल्या नावाबाबत खुलासा : साक्षीदारांचे पान पहिल्या खर्ड्याचेच वापरले आहे, त्यावर शालकाचे नाव आधीच टाइप झाले होते. आता त्याला वाटा मिळत असल्याने ते मी त्याच्यासमोर खोडले व शेजारी सही केली. तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे शेवटीही मला फुकटच मिळालं की, भाऊजी. तिकडे गेलात की ताईला तेवढं सांगू नका."