ताकदीची गोळी

प्रिय भिमीताई,

तीर्थरूप लिहावं एवढी तू थोर नाहीस आणि नुसतं भिमी लिहावं एवढी लहानही नाहीस, म्हणून 'प्रिय' लिहिलंय, चालवून घे. किन्हवलीच्या पाड्यावरून कविताचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? घरची माणसं, कोंबड्या आणि ती मारकी शेळी, सगळी खुशाल असतील असं धरून चालते. (शेळी खुशाल नसली तरी मला फारसं वाईट वाटणार नाही.) तुझा फोन दिवाळीपासून बंद लागतोय, म्हणून हे पत्र. दवाखान्याच्या भिंतीवरच्या पाट्या तू मोठ्याने वाचायचीस आणि मी घाबरून तुझं तोंड दाबायची. आज मीच आजाराचं नाव लिहिते बघ: एचआयव्ही. लिहिलं, आणि उठून पहिली दाराला कडी घातली. घरात मांजराशिवाय कोणी नाही, तरी घातली. वाचून झालं की कागद चुलीत घाल.

दवाखान्याच्या बाकावर आपली ओळख झाली तेव्हा मी कशी होते ते तुला आठवत असेल. सासूने मला एकटीने उचलून टेम्पोत ठेवलं होतं, पेंढ्याची पेंढी ठेवावी तसं. आज तीच मी डोक्यावर दोन आणि कमरेवर एक असे हंडे घेऊन चढण चढते, आणि वर पोचून कोणाशी तरी भांडायलाही दम उरतो. केलं काय, तर रोज एक गोळी, न चुकता. पण ताई, बरं होण्यात केवढा धोका असतो ते आपल्याला कोणी सांगितलं नव्हतं! आजारी होते तेव्हा कोणी ढुंकून बघत नव्हतं. आता पाड्यातल्या बाया मला खालून वर न्याहाळतात आणि विचारतात, काय खातेस गो? मी सासूला आणि सगळ्यांना सांगून ठेवलंय की दवाखान्यातून अशक्तपणाची, ताकदीची गोळी मिळते. बाटलीवरचा कागद मी खरवडून काढते, वाजू नये म्हणून आत कापूस कोंबते आणि बाटली तांदळाच्या पिंपात पुरून ठेवते. इतकी वर्षं झाली, तरी रोज गोळी तोंडात जाते तेव्हा नजर आधी दाराकडे जातेच.

तर झालं असं. माझी धाकटी जाऊ हर्षाली बाळंतपणानंतर फार खंगली. मागल्या आठवड्यात मी लाकडं घेऊन आले तर सासू ओट्यावर मोठं पुण्य केल्यासारखी बसलेली. म्हणाली, "हर्षालीला तुझी एक गोळी दिली गो. खायाला नाय, नमुन्याला. ती किन्हवलीच्या मेडिकलात दाखवंल नि तसल्याच घेऊन येल."

ताई, माझ्या डोक्यावरची मोळी कधी पडली ते मला कळलं नाही. (सासूच्या पायावर पडली. पण ते नंतर.) मेडिकलवाला म्हणजे गावातला सगळ्यात शिकलेला आणि सगळ्यात बोलका माणूस. गोळीवर बारीक अक्षरं कोरलेली असतात, त्याने ती वाचली की संपलं. आणि हर्षालीने वाटेतच धीर सुटून ती गिळली तर? अंगावर पाजती बाई! मी तशीच पळत सुटले. एसटी नुकतीच गेलेली. मागून म्हशाच्या जत्रेला बैल घेऊन निघालेला टेम्पो आला, त्याला आडवी झाले. ड्रायव्हरजवळ जागा नव्हती, म्हणून मागे बैलांत उभी राहिले. एका बैलाने माझा पदर चघळायला घेतला. मी चघळू दिला. मनात एकच चाललेलं: उद्या पाण्यावर बाया मला हंडा लावू देणार नाहीत, माझ्या नेहाच्या बाकावर शाळेत कोणी बसणार नाही. पोरीची तपासणी झाली, तिला काही नाही, पण हे कोणाकोणाला सांगत फिरू?

मेडिकलवर पोचले तर हर्षाली काउंटरला टेकलेली, आणि मेडिकलवाला गोळी तळहातावर घेऊन खिशातला चष्मा काढत होता. दुकानात चारपाच गिऱ्हाइकं. मी ओरडले, "हात नको लावू! ती माझी हाय!" त्याने चष्मा तसाच हातात धरला आणि विचारलं, "कसली गो?" ताई, देवाशपथ सांगते, मी टेम्पोत सगळा विचार केला होता, फक्त या प्रश्नाचं उत्तर सोडून. तोंडातून निघून गेलं, "डोक्याची. मला वेडाचे झटके येतात."

सगळी गिऱ्हाइकं माझ्याकडे वळली. पदर अर्धा बैलाने खाल्लेला, केसांत पेंढा, अंगाला शेणाचा वास. कोणालाही शंका घ्यायला जागा नव्हती. मेडिकलवाल्याने गोळी हळूच माझ्या हातावर ठेवली आणि दोन पावलं मागे सरला. (ज्यांना खरंच तो आजार आहे त्यांनी मला माफ करावं. तेही बिचारे माझ्यासारखेच गोळ्या लपवत असतील.) मी गोळी पदराच्या शाबूत टोकाला बांधली आणि हर्षालीला घेऊन परतले. वाटभर ती माझ्यापासून हातभर लांब चालत होती.

वाटलं, सुटले. पण घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. ओट्यावर जैतू भगत येऊन बसलेला, शेजारी पाय बांधलेली कोंबडी, आणि सासू पायाला हळद लावून रडतेय. जैतूने मला एकदा बघितलं आणि निकाल दिला: हिला झाडाने धरलंय, झपाटलंय, उतरवतो, पण अंगारा आणि इंग्लिश गोळी एकत्र चालत नाही, त्या गोळ्या आधी बंद करा. सासू तशीच लंगडत आत गेली, पिंपातून बाटली काढली आणि चुलीकडे निघाली.

मी तिचं मनगट धरलं. बाहेर जैतूचे कान टवकारलेले, म्हणून तिच्या कानाशी तोंड नेलं. "आई, ती डोक्याची नाय. एचआयव्हीची हाय. ती चुलीत गेली तर मी पण जाईन."

"एसटी स्टँडावरल्या पाटीवरचा आजार? तो?"

"तोच."

तिने बाटली सोडली नाही. गेलेल्या लेकाचं नाव घेतलं, "कुंडलिकला?"

"त्यांना पण हाच व्हता. कावीळ सांगायची त्यांनीच शपथ घातली मला."

"तवा ही गोळी नव्हती?"

"व्हती. एकदा आले माझ्यासंगं. रांगेत आपल्या गावचा माणूस दिसला नि फाटकातनं मागारी फिरले. परत नाय आले."

सासू चुलीपुढे खाली बसली. मला वाटलं आता ओरडेल, मला बाहेर काढेल, पोरीला काढेल. मीही तिच्याशेजारी बसले. ती एवढंच म्हणाली, "मला का नाय सांगितलंन त्याने? मी हुबी राहिले असते रांगेत त्याच्या जाग्याला. मला म्हातारीला कुणाची लाज?"

मग डोळे पुसून उठली आणि बाटली परत तांदळात पुरली. बाहेर जाऊन जैतूला म्हणाली, झाड उतरलं, तू जा. तो म्हणाला, कोंबडी? सासू म्हणाली, ती ऱ्हाऊ दे.

आता तू म्हणशील सगळं गोड झालं. तसं नाही गो. दोन दिवस सासूने आपला कप वेगळा ठेवला. मला दिसलं, रात्री रडले. तिसऱ्या दिवशी तिनेच विचारलं, उष्ट्याने होतो काय? मी म्हटलं, नाही. दवाखान्यातल्या म्याडमनी सांगितलेलं सगळं तिला सांगितलं: गोळी रोज पोटात असली की विषाणू दबून राहतो, माझ्या मागच्या तपासणीत तो रक्तात दिसलासुद्धा नाही, पण गेलेला नाही, गोळी सोडली की परत डोकं वर काढतो. सासूने ऐकलं आणि म्हणाली, "म्हंजे जावई घरात असला की सासरा गप, तसं." (तिच्या माहेरी तशी रीत असेल.) तेव्हापासून रोज जेवणं झाली की ती स्वतः बाटली काढते आणि अख्ख्या पाड्याला ऐकू जाईल असं ओरडते, "कविता, तुझी येडाची गोळी घे गो!" लाजेने मरायला होतं. पण ती नजरेने हसते, आणि मी घेते. खरं सांगते, आता मला कशाची भीती उरली नाही.

सगळ्यांना नमस्कार. शेळीला सोडून.

तुझी,
कविता

ता. क. : हे सगळं लिहिलं ते तुला हसवायला. काम वेगळंच आहे. मागच्या दोन्ही वेळेला तू गोळ्या न्यायला आली नाहीस. मी बाकावर तुझी जागा धरून बसले होते. म्याडमना विचारलं तर त्या दुसऱ्याचं काही सांगत नाहीत. पण त्याआधी तू शेवटची आलीस तेव्हा तुझा दीर फाटकात दिसला म्हणून तू खांबाआड उभी राहिली होतीस, ते मी बघितलंय. तुला बरं वाटत असेल, अंगात ताकद असेल. ती त्या गोळीचीच आहे ताई. येत्या मंगळवारी ये. मध्ये खंड पडला ते म्याडमना खरं सांग, त्या रागवत नाहीत, तपासून पुढचं बघतात. दीर भेटलाच तर सांग, किन्हवलीची एक वेडी आहे, तिला सोबत आले.

ता. क. दुसरं : भीती उरली नाही असं वर लिहिलंय ते खोटं. तू नसलीस की त्या बाकावर मला फार भीती वाटते.

ता. क. शेवटचं : सासूला तुझं सांगितलं. ती म्हणते, भिमी मंगळवारी दिसली नाय तर तिच्या गावाला, उंबरमाळीला जाऊन तिला उचलून आणते. तिचा पाय अजून सुजलेलाच आहे, पण ती येईल, मी ओळखते तिला. पोटचा पोर तिने रांगेच्या लाजेपायी घालवलाय. तू तिला उंबरमाळीची चढण चढायला लावू नकोस.